एका मण्यावरचा लोलक : लिव्हरच्या एका आजाराची परीक्षा आणि तिच्यासाठी घडवलेला माल

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, माल कसा घडतो, त्याचा कस कसा पाहतात आणि तो कुठे खपतो हे समजून घेतले म्हणजे नवा धंदाही परका वाटत नाही. आजच्या पाठासाठी घेतलेला माल मात्र डोळ्यांत भरणारा नाही. चिमूटभर भुकटी, तीही मिलिग्रॅमच्या मापाने विकली जाणारी. तिचे नाव पेप्टाइड. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून लिव्हरचा एक विशिष्ट आजार ओळखता यावा, म्हणून ती मुद्दाम घडवतात. पुस्तकात वाचायला गेले तर ही विद्या डोंगराएवढी वाटते. पण रेशमात मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्याला किंवा कापडावर टिकली जडवणाऱ्या जरदोजीच्या कारागिराला तिची रीत सांगितली, तर तो म्हणेल, यात नवे काय, आमचेच काम आहे.

आधी आजार समजून घेऊ. गिऱ्हाइकाची गरज कळल्याशिवाय मालाची किंमत कळत नाही.

आजार आणि त्याचे बदनाम नाव

लिव्हर, म्हणजे यकृत, पित्त तयार करते. हे पित्त लिव्हरच्या आतल्या अगदी बारीक नळ्यांतून वाहत मोठ्या नळीत येते आणि तिथून आतड्यात उतरते. या आजारात शरीराचे रक्षण करणारी शक्तीच या बारीक नळ्यांवर उलटते. पहारेकऱ्यानेच घर फोडावे तसा हा प्रकार. नळ्या हळूहळू नष्ट होतात, पित्त आतच तुंबते आणि वर्षानुवर्षांनी लिव्हर कडक होत जाते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढे अंगाला खाज सुटते, काही न करता थकवा येतो, डोळे आणि तोंड कोरडे पडते. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे, आणि त्यांतल्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या असतात.

खाज आणि थकवा, ही काय आजाराची लक्षणे झाली? असेच घरोघरी म्हटले जाते. माझ्या माहितीतल्या एका घरात भाभींना दोन वर्षे कातडीची मलमे लावून झाली, साबण बदलून झाले, पाणी बदलून झाले. शेवटी एका डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी करायला सांगितली. कागदावर जे नाव आले त्यात ‘सिरॉसिस’ हा शब्द होता. बस्स. ज्या बाईने आयुष्यात दारूची बाटली जवळून पाहिली नाही, तिच्याविषयी नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. आजारापेक्षा त्या कुजबुजीनेच त्या अधिक खचल्या.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. या आजाराचे जुने नाव ‘प्रायमरी बिलियरी सिरॉसिस’ असे होते. वास्तविक त्याचा दारूशी संबंध नाही, आणि वेळेवर ओळखल्यास पुष्कळ रुग्णांत सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून गाठीगाठीचे होणे, झालेलेही नसते. युरोपातील रुग्णांच्या संघटनांनी या नावाविरुद्ध तक्रार केली, ‘आम्हाला लोक दारुडे समजतात’ असे सांगितले. डॉक्टरांच्या संस्थांनी ते मानले आणि २०१५ साली नाव बदलून ‘प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस’ केले. कोलँजायटिस म्हणजे पित्तनळ्यांची सूज. पी.बी.सी. ही आद्याक्षरे तशीच ठेवली. कुणाच्या जुन्या कागदावर जुने नाव असेल तर हे ध्यानात ठेवावे.

आजार लवकर ओळखण्यात अर्थ आहे, कारण त्यावर औषध आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल नावाची गोळी शरीराच्या दर किलो वजनाला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. अमेरिकेत या आजारासाठी तिला १९९७ साली मान्यता मिळाली. ‘अर्सस’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल, कारण हे द्रव्य प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडले. आजचा बराचसा माल गाय-बैलांच्या पित्तातील आम्लावर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. गोरोचनाचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्या कुरेशी बंधूंना पित्ताला किंमत असते हे नव्याने सांगायला नको. ही गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, तेव्हा डॉक्टर दुसरी औषधे जोडतात. पण जिथे ती लागू पडते, तिथे लवकर सुरू केलेली अधिक उपयोगी.

उंदराच्या मूत्रपिंडापासून सुरुवात

१९६५ साली लंडनमध्ये वॉकर, डोनियाक, रॉइट आणि शेरलॉक या चौघांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड असते. प्रतिपिंड म्हणजे अँटीबॉडी. शरीरात शिरलेल्या जंतूला ओळखून त्याला चिकटणारे हे प्रथिन. इथे ते जंतूऐवजी आपल्याच पेशींतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या भट्ट्यांना चिकटत होते. म्हणून त्याला अँटी-मायटोकाँड्रियल अँटीबॉडी, थोडक्यात ए.एम.ए., म्हणतात. १०० रुग्णांपैकी सुमारे ९० ते ९५ जणांच्या रक्तात ते सापडते. एवढी पक्की खूण फार थोड्या आजारांना लाभली आहे.

तपासणीची रीत अशी. उंदराच्या मूत्रपिंडाचा अतिशय पातळ काप काचेवर ठेवायचा. त्यावर रुग्णाच्या रक्तातले पाणी, म्हणजे सीरम, टाकायचे. मग चमकणारा रंग लावलेले दुसरे द्रव्य टाकून खास दुर्बिणीखाली पाहायचे. प्रतिपिंड असेल तर काप ठरावीक नक्षीत चमकतो. ही रीत आजही वापरात आहे आणि चांगल्या हातात ती उत्तम चालते. अडचण ‘चांगल्या हातात’ या शब्दांत आहे. चमक किती आणि नक्षी कोणती, हे पाहणाऱ्याची नजर ठरवते. सोन्याचा कस नजरेने सांगणारा जुना सराफ आणि कालच बसलेला त्याचा पोरगा यांच्यात जो फरक, तोच इथे. एका प्रयोगशाळेचा अहवाल दुसरीशी जुळलाच पाहिजे, तर नजरेऐवजी मोजता येणारी रीत हवी. त्यासाठी प्रतिपिंड नेमके कशाला चिकटते ते कळायला हवे.

ते कळायला बावीस-तेवीस वर्षे लागली. १९८७ साली गर्शविन आणि मकाय यांच्या गटाने त्या प्रथिनाचा जनुकीय आराखडा वेगळा काढला. १९८८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे यीमन आणि सहकाऱ्यांनी त्याची ओळख पटवली. ते निघाले पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज नावाच्या मोठ्या यंत्रणेतले ई-टू प्रथिन. अन्नातून आलेल्या साखरेचे जळण भट्टीत घालण्याचे काम ही यंत्रणा करते.

माळ, मणी आणि लोलक

आता पाठाचा गाभा. कोणतेही प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मण्यांना अमायनो आम्ले म्हणतात आणि मुख्य जाती वीस. ई-टूची माळ शेकडो मण्यांची आहे. प्रतिपिंडाचे सगळे लक्ष त्यातल्या एका छोट्या भागावर असते. त्या भागात पाच मणी ओळीने येतात : ग्लुटामिक आम्ल, थ्रिओनिन, अस्पार्टिक आम्ल, लायसिन आणि ॲलॅनिन. यातला लायसिन हा माळेतला १७३ वा मणी. त्याच्यावर एक लोलक लटकतो. त्याचे नाव लिपोइक आम्ल. आठ कार्बनची साखळी, आणि टोकाला दोन गंधक असलेले लहानसे कडे. प्रथिनाचे काम याच लोलकाने चालते. तो हातासारखा इकडून तिकडे झुलतो आणि माल पोचवतो.

पेप्टाइड म्हणजे अशाच माळेचा छोटा तुकडा, दहा-वीस मण्यांचा. कल्पना अशी की अख्खे प्रथिन बनवण्यापेक्षा ज्या तुकड्यावर प्रतिपिंड बसते तेवढाच तुकडा हाताने घडवावा. कुलपाची किल्ली पाहायला अख्खा दरवाजा उचलून न्यावा लागत नाही.

कुणी म्हणेल, जंतूंकडून अख्खे प्रथिन करवून घेता येते, मग हा खटाटोप कशाला? जंतूंकडून करवून घेतात, आणि बाजारातली पुष्कळ किटे तशाच प्रथिनांवर चालतात. पण प्रथिन भराभर बनवायला लावले की जंतू लोलक लावण्यात मागे पडतो. काही माळांवर लोलक असतो, काहींवर नसतो, आणि मिश्रण हाती येते. हाताने घडवलेल्या पेप्टाइडात लोलक लावायचा की नाही, कोणत्या मण्यावर लावायचा, कोणत्या जातीचा लावायचा, हे सगळे कारागीर ठरवतो. हाच त्याचा खरा फायदा.

घडवण्याची रीत

ही रीत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली आणि १९८४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधी एकेक मणी जोडल्यावर प्रत्येक वेळी माल शुद्ध करावा लागे, त्यात महिने जात आणि मालही निम्मा होई. मेरिफील्ड यांनी पटवेकऱ्याची युक्ती केली. पटवेकरी धाग्याचे एक टोक आकड्याला अडकवतो आणि मग दोन्ही हात मोकळे ठेवून ओवतो. मेरिफील्ड यांनी पहिला मणी प्लास्टिकसारख्या राळेच्या कणाला बांधून टाकला. मग दुसऱ्या मण्याचे द्रावण ओतायचे, जुळू द्यायचे, उरलेले गाळून धुऊन टाकायचे. माळ राळेला धरून असल्यामुळे ती वाहून जात नाही. गाळा, धुवा, पुढचा मणी ओता. इतके सोपे, की यंत्राकडूनही करवून घेता येते.

माळ शेवटच्या टोकाकडून पहिल्या टोकाकडे ओवत येतात. प्रत्येक मण्याच्या जोडायच्या टोकावर तात्पुरती टोपी असते, नाहीतर मणी एकमेकांनाच चिकटून गुंता होईल. हल्ली बहुधा एफमॉक नावाची टोपी वापरतात. अमेरिकेतील लुई कार्पिनो यांनी ती १९७० साली पुढे आणली. पिपेरिडिन नावाच्या द्रवाने ती निघते. टोपी काढा, मणी जोडा, धुवा. पुन्हा टोपी काढा. शेवटी तीव्र आम्लाने माळ राळेपासून सोडवून घेतात.

इथे एक हिशेब व्यापाऱ्यांनी कागदावर मांडून पाहावा. वीस मण्यांच्या माळेत एकोणीस जोड. प्रत्येक जोड १०० पैकी ९९ वेळा नीट बसला, तर शेवटी अचूक माळा सुमारे ८३ टक्के मिळतात. ९५ वेळा बसला तर ३८ टक्के. आणि ९० वेळा बसला, जे ऐकायला काही वाईट नाही, तर जेमतेम साडेतेरा टक्के. उरलेला सगळा एखादा मणी गळालेला, दिसायला तसाच पण खोटा माल. दर पायरीवरची थोडीशी ढिलाई शेवटी किती महाग पडते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. यंत्रमागावर काम केलेल्यांना तुटलेल्या धाग्याचा हिशेब आठवेल.

आता लोलक. तो लावण्याच्या दोन रीती आहेत. एक, लायसिनच्या मण्यावर लोलक आधीच जडवून ठेवायचा आणि तो तयार मणी त्याच्या जागी ओवायचा. दुसरी, लायसिनच्या बाजूच्या टोकावर वेगळ्या जातीची टोपी घालायची, पूर्ण माळ ओवायची, आणि शेवटी फक्त तीच टोपी काढून तिथे लोलक बसवायचा. दुसऱ्या रीतीत एकाच माळेच्या वाट्यांपैकी एकावर लोलक, दुसऱ्यावर भलतेच काही, तिसरी कोरी, असे नमुने करता येतात. दोन्हींत गंधकाच्या कड्याला जपावे लागते. चुकीची द्रव्ये लागली की ते कडे उघडते, किंवा एका माळेचे कडे दुसऱ्या माळेत अडकते.

मग सफाई. उच्च दाबाने द्रावण एका नळीतून ढकलतात, त्यात खरा आणि खोटा माल वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. शेवटी वजन. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचा रेणू तोलणारा काटा असतो. लिपोइक आम्लाचे रेणुभार सुमारे २०६, जुळताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, निघून जातो. तेव्हा लोलकवाली माळ कोऱ्या माळेपेक्षा बरोबर १८८ ने जड भरली पाहिजे. भरली नाही तर लोलक बसलेला नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा.

जोडीने परीक्षा

तपासणी प्लास्टिकच्या प्लेटीवर होते. बारा गुणिले आठ, असे ९६ छोटे खळगे. प्रत्येकाच्या तळाला पेप्टाइडचा लेप बसवतात. एका खळग्याला एक मायक्रोग्रॅम लागला असे धरले, तर एका मिलिग्रॅममध्ये हजार खळगे, म्हणजे दहा प्लेटी होतात. मिलिग्रॅमने विकला जाणारा माल कसा परवडतो ते यावरून कळेल. मग पातळ केलेले सीरम घालायचे, धुवायचे, रंग आणणारे द्रव्य घालायचे. प्रतिपिंड असेल तर खळगा रंगतो आणि यंत्र तो रंग आकड्यात मोजते. या रीतीला एलिसा म्हणतात. नजरेचा प्रश्न संपला.

पण रंग आला म्हणजे सिद्ध काय झाले? प्रतिपिंड लोलकाला चिकटले की माळेला, की नुसत्या प्लास्टिकला? म्हणून जाणता कारागीर माल नेहमी जोडीने करतो. एक माळ लोलकासह, दुसरी तीच माळ, तेच मणी, पण लोलकाशिवाय. शेजारी निरोगी माणसांचे सीरम आणि दुसऱ्या आजारांच्या रुग्णांचेही सीरम. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढतात तेव्हा शेजारी माहितीच्या सोन्याचीही ओढतात, त्यातलाच हा प्रकार.

इटलीतील फ्लॉरेन्स विद्यापीठात अन्ना मारिया पापिनी आणि पाओलो रोव्हेरो यांच्या गटाने पी.बी.सी.साठी नेमकी अशी जोडी घडवली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपेक्षा काय असेल? लोलक हाच प्रथिनाचा प्राण, तेव्हा प्रतिपिंडही लोलकालाच ओळखत असणार. निघाले वेगळेच. रुग्णांच्या सीरमांपैकी ७४ टक्के नमुन्यांनी घडवलेल्या पेप्टाइडांपैकी निदान एकाला ओळखले. पण केवळ लोलकवाल्याच माळेला ओळखणारे नमुने फार थोडे होते. कोरी माळही चालत होती. त्यांच्या मते लोलक माळेच्या अंगाला चिकटून दडतो, त्यामुळे प्रतिपिंडाच्या वाट्याला तो कमीच येतो.

आणखी एक बाब त्यांनी तपासली, ती धंद्याच्या दृष्टीने मोलाची आहे. चपलेत डावा-उजवा असतो तसे लिपोइक आम्लाचेही दोन आरसारूप प्रकार आहेत. शरीरात एकच प्रकार असतो. पण प्रतिपिंडाला डाव्या-उजव्याचा फरक पडत नाही, असे दिसले.

मला हा अभ्यास आवडतो तो यासाठीच. कोरी माळ घडवलीच नसती, तर लोलकवाल्या माळेवरचा रंग पाहून सगळ्यांनी लोलकाला श्रेय दिले असते आणि प्रत्येक किटात तो महागडा दागिना घालत बसले असते. ७४ हा आकडाही प्रामाणिकपणे वाचायला हवा. उंदराच्या कापावर ९० हून अधिक रुग्ण सापडतात, मग ७४ सापडणारा माल एकट्याने त्याची जागा घेऊ शकत नाही. अख्ख्या प्रथिनाला घड्या असतात, काही प्रतिपिंडे त्या घड्यांवरच बसतात, आणि छोट्या माळेत त्या घड्या येत नाहीत. म्हणून संशोधकांनीच म्हटले की त्यांतली सर्वांत चांगली दोन पेप्टाइडे इतरांबरोबर एका संचात घालावीत.

अमेरिकेत डेव्हिस येथील गर्शविन यांच्या गटाने तोच लायसिन मणी घेऊन उलट प्रश्न विचारला. लिपोइक आम्लाऐवजी दुसरेच काही लटकवले तर? २००५ साली त्यांनी पंधरा मण्यांच्या माळेवर १०७ निरनिराळी रसायने जडवून पाहिली. त्यातल्या ३३ रसायनांना रुग्णांच्या सीरमने निरोग्यांपेक्षा ठळकपणे जास्त ओळखले. त्यात २-ऑक्टिनोइक आम्ल होते. अत्तर आणि सेंटच्या व्यापाऱ्यांनी इथे कान द्यावा, कारण याच आम्लाचे मिथाइल एस्टर सुगंधी द्रव्य म्हणून वापरात आहे. व्हायोलेटच्या पानासारखा हिरवट वास त्याला येतो. युरोपात ते कातडीला ॲलर्जी देऊ शकणाऱ्या द्रव्यांत मोडते आणि ठरावीक प्रमाणापुढे वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते. मात्र प्रतिपिंड एखाद्या रसायनाला प्लेटीवर ओळखते याचा अर्थ सेंट लावल्याने लिव्हर बिघडते असा होत नाही. तसे सिद्ध झालेले नाही, आणि कुणी तसे सांगून तुमचा माल परत करू लागला तर त्याला हा फरक समजावून सांगावा. संयोग करून सेंट बनवणाऱ्यांनी मात्र आपल्या बाटलीत काय किती आहे त्याची नोंद ठेवलेली बरी.

बदललेल्या पेप्टाइडाचा धंदा खरोखर फळाला आला तो सांध्यांच्या आजारात. संधिवाताच्या रुग्णांच्या कागदावर ‘अँटी-सी.सी.पी.’ असे वाचले असेल. त्यात आर्जिनिन नावाचा मणी बदलून सिट्रुलिन केलेली, वर्तुळाकार वळवलेली माळ असते. तिथे तो बदलच सगळे काही ठरवतो, कोऱ्या माळेला काही किंमत नाही. आपल्या शहरांतल्या प्रयोगशाळांतही ही तपासणी नित्याची झाली आहे. पी.बी.सी.मध्येसुद्धा, ज्या रुग्णांत ए.एम.ए. सापडत नाही त्यांच्यासाठी जी.पी.-२१० नावाच्या प्रथिनाचे प्रतिपिंड पाहतात. १९९३ साली ते प्रतिपिंड अवघ्या पंधरा मण्यांच्या तुकड्यावर बसते असे दिसले, आणि तेवढा तुकडा घडवणे काही अवघड नाही.

विकणाऱ्यांसाठी

पॅथॉलॉजी लॅबला सामान पुरवणारे आपले अनेक तरुण आहेत. त्यांच्यासाठी थोडे.

ही तपासणी सरसकट ‘पॅकेज’मध्ये घालून विकू नये. का, ते हिशेबाने पाहू. समजा दहा हजार माणसांत हा आजार चौघांना आहे, आणि तपासणी निरोगी माणसांपैकी १०० तील ९८ जणांना बरोबर निरोगी सांगते. राहिलेले दोन टक्के म्हणजे सुमारे दोनशे माणसे. चार खऱ्या रुग्णांसाठी दोनशे धडधाकट लोकांच्या हाती भीतीचा कागद पडेल. हीच तपासणी जिची अल्कलाइन फॉस्फेटेज महिनोन्महिने वाढलेली आहे आणि अंगाला खाज आहे अशा बाईला डॉक्टरांच्या सांगण्यावरून केली, तर तिची किंमत सोन्याची. पी.बी.सी.चे निदानही एकट्या या तपासणीवर करत नाहीत. पित्त तुंबल्याची रक्तातली खूण, ए.एम.ए., आणि लिव्हरच्या तुकड्याची तपासणी, या तिन्हींपैकी दोन जुळाव्या लागतात.

निदानाची किटे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. आयात, उत्पादन आणि विक्री यांसाठी परवाना किंवा नोंदणी लागते. ती नसताना ‘ओळखीच्या माणसाकडून’ स्वस्तात माल उचलू नये. बिलावर लॉट नंबर आणि मुदतीची तारीख लिहून घ्यावी, कारण तक्रार आली तर तो लॉट कुठे कुठे गेला ते एका बैठकीत सांगता आले पाहिजे. एका लॉटच्या प्लेटी आणि दुसऱ्या लॉटची द्रव्ये मिसळू देऊ नयेत. वेष्टनावर २ ते ८ अंश लिहिले असेल तर तो आकडा रस्त्यातही पाळायचा असतो. मे महिन्यात टेम्पोच्या टपावर ठेवलेल्या खोक्यातले किट दिसायला नवे कोरे असते आणि उत्तर खोटे देते. लॅबमध्ये प्लेटीची पिशवी फ्रिजमधून काढल्याबरोबर फोडू नये, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड प्लेटीवर हवेतले पाणी धरते आणि मग खळग्याखळग्यांत रंगाचा फरक पडू लागतो. लॅबवाल्याची पहिली तक्रार बहुधा हीच असते, आणि त्याला दोष मात्र माल देणाऱ्याचा वाटतो.